मराठी जाहिरातीची कॅरेक्टर मोजणी: हापूसच्या हंगामाआधीच्या कामाच्या नोंदी

काम असं: देवगड तालुक्यातल्या एका बागायतदाराच्या घरपोच विक्रीसाठी गूगलच्या सर्च जाहिराती पूर्ण मराठीत लिहायच्या आणि खात्यात चढवण्याआधी मर्यादेत बसतात का ते तपासायचं. तीन ॲड ग्रुप (जाहिरातींचे गट), प्रत्येकात १५ हेडलाइन आणि ४ डिस्क्रिप्शन, म्हणजे ४५ हेडलाइन आणि १२ डिस्क्रिप्शन. शिवाय साइटलिंक (जाहिरातीखालचे जादा दुवे) आणि कॉलआउट (जाहिरातीला जोडलेले छोटे तुकडे). इंग्रजी कॉपी तपासायची शीट तयार होती, तीच वापरू असा अंदाज होता. तो चुकला. कुठे चुकला ते तारखेनुसार लिहिलं आहे, कारण मराठीत हे काम करणाऱ्या प्रत्येकाला याच जागी अडायला होईल.

१२ जानेवारी २०२५

आधी मर्यादा एका जागी लिहून घेतल्या. हेडलाइन ३०, डिस्क्रिप्शन ९०, डिस्प्ले पाथचे (जाहिरातीत दिसणाऱ्या पत्त्याचे) दोन तुकडे प्रत्येकी १५, साइटलिंकचा मजकूर २५ आणि त्याखालच्या दोन ओळी प्रत्येकी ३५, कॉलआउट २५. चिनी, जपानी, कोरियन लिपींत एक चिन्ह दोन धरलं जातं. देवनागरीला तो नियम नाही. पण देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलंत यांतलं प्रत्येक चिन्ह स्वतंत्र कॅरेक्टर म्हणून मोजलं जातं. म्हणून या नोंदींत ‘अक्षर’ आणि ‘कॅरेक्टर’ हे शब्द वेगळे ठेवले आहेत. ‘आंबा’ दोन अक्षरांचा, पण कॅरेक्टर चार: आ, अनुस्वार, ब, काना.

मजकूर डीटीपीवाल्याकडून वर्डच्या फाइलमध्ये आला. तो युनिकोडमध्ये नव्हता, जुन्या फॉन्टमध्ये होता. कॉपी करून शीटमध्ये टाकला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. कन्व्हर्टरमधून काढला तेव्हा वाचता आला, पण काही ठिकाणी अनुस्वार दोनदा आले होते. एकावर एक बसल्याने डोळ्यांना एकच टिंब दिसतं, मोजणीत मात्र दोन येतात. सगळा मजकूर हाताने पुन्हा टाइप केला. अर्धा दिवस गेला, पण कन्व्हर्टरच्या चुका शोधत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडलं.

१३ जानेवारी

एकच हेडलाइन तीन ठिकाणी मोजली: ‘देवगड हापूस थेट बागेतून’.

संकेतस्थळाच्या जुन्या तपासणी पानाने ६३ सांगितले. हाताने मोजणाऱ्याने मधल्या जागा धरून १६ सांगितले. शीटमधल्या लेन (मजकुराचे कॅरेक्टर मोजणाऱ्या) फंक्शनने २३. बरोबर आकडा २३.

६३ येण्याचं कारण असं की ते पान बाइट मोजत होतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणून २० चिन्हांचे ६० आणि तीन जागांचे ३. इंग्रजीत बाइट आणि कॅरेक्टर सारखेच येतात, त्यामुळे हा दोष इतके दिवस दिसला नव्हता. त्या पानावर विसंबून याआधी मराठी ओळी उगाच कापल्या गेल्या असणार.

हाताने मोजण्यातला धोका उलटा आहे. ‘नैसर्गिक पद्धतीने पिकवलेला आंबा’ ही ओळ डोळ्यांना १५ अक्षरं आणि ३ जागांची दिसते. लेन ३१ दाखवते. एकाने जास्त, म्हणजे नापास.

पहिली फेरी: ४५ पैकी १९ हेडलाइन मर्यादेबाहेर, १२ पैकी ५ डिस्क्रिप्शन बाहेर.

१५ जानेवारी

शीट नव्याने बांधली. पहिल्या स्तंभात आलेला मजकूर, दुसऱ्यात साफ केलेला, तिसऱ्यात आलेल्याची लेन, चौथ्यात साफ केलेल्याची लेन, पाचव्यात मर्यादा, सहाव्यात उरलेली जागा. सहावा स्तंभ ऋण झाला तर ओळ लाल. तिसरा आणि चौथा स्तंभ जुळले नाहीत तर ओळ पिवळी, म्हणजे मजकुरात काहीतरी न दिसणारं किंवा दुहेरी लिहिलेलं आहे. हा पिवळा रंग लालपेक्षा जास्त कामाचा निघाला.

साफसफाईत पहिल्यांदा एवढंच ठेवलं होतं: युनिकार (क्रमांकावरून युनिकोड चिन्ह देणारं फंक्शन) १६० म्हणजे न तुटणारी जागा साध्या जागेत बदलायची, ८२०३, ८२०४, ८२०५ आणि ६५२७९ ही न दिसणारी चिन्हं काढून टाकायची, शेवटी ट्रिम (जादा जागा काढणारं फंक्शन). ट्रिम १६० ला हात लावत नाही, म्हणून ते आधी बदलावं लागतं. वर्ड आणि वेबपानांतून आलेल्या मजकुरात ते हमखास सापडतं.

१६ जानेवारी

कालच्या साफसफाईने नुकसान केलं. ‘दुसऱ्याच दिवशी घरपोच डिलिव्हरी’ या हेडलाइनचं ‘दुसर्याच दिवशी घरपोच डिलिव्हरी’ झालं. चंद्रकोरीसारखा अर्धा र गेला आणि य वर रफार आला. कोणाच्या लक्षातही आलं नसतं. ओळ पिवळी होती म्हणून पाहिली.

कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. ‘ऱ्य’ तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ऱ (क्रमांक २३५३) आणि हलंत (२३८१). दोन, साधा र (२३५२), नुक्ता (२३६४) आणि हलंत. तीन, साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक (८२०५). पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिल्या तऱ्हेने वरची हेडलाइन बरोबर ३० भरते, बाकी दोन तऱ्हांनी ३१. तिसऱ्या तऱ्हेतला जोडक उडवला तर उरतो र आणि हलंत, आणि त्याचा रफार होतो. मर्यादेत बसली, पण चुकीची झाली.

जोडक सरसकट काढायचा नाही, क्रम पाळायचा. आधी २३५२, २३८१, ८२०५ ही तिकडी दिसेल तिथे २३५३, २३८१ घालायचे. मग २३५२, २३६४ दिसेल तिथे २३५३. उरलेले जोडक त्यानंतर काढायचे. सूत्रात ही चिन्हं थेट टाइप करू नयेत, युनिकार आणि क्रमांकच वापरावेत. टाइप केली तर सूत्रात नेमकी कोणती तऱ्हा गेली ते पुन्हा डोळ्यांना दिसत नाही. एकूण तीन तास गेले.

१८ जानेवारी

कॉलआउट २५ चे. ‘व्हॉट्सॲपवर ऑर्डर नोंदवा’ एकाच्या संगणकावर २४, दुसऱ्याच्या फाइलमध्ये २६.

‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, क्रमांक २४१८. पण बरेच जण ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र (२३७३) देतात: अॅ. एकाचे दोन झाले. तसंच ‘ऑ’ (२३२१) ऐवजी ‘आ’ (२३१०) वर चंद्र दिला की आणखी एक वाढला. म्हणून २६. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (एकाच चिन्हाच्या वेगळ्या तऱ्हा एका रूपात आणणं) चालवून हे सुटत नाही, कारण ॲ आणि अॅ यांना युनिकोड एकच मानत नाही. नुक्त्याच्या ऱ चं सामान्यीकरण होतं, याचं होत नाही. त्यामुळे दोन वेगळे बदल शीटमध्ये हाताने घातले.

मराठीत हा प्रश्न हिंदीपेक्षा फार मोठा आहे. बँक, ॲप, ऑफर, ऑनलाइन, कॅश हे चंद्राचे शब्द प्रत्येक जाहिरातीत असतात. कोणी हिंदीसाठी बनवलेली शीट दिली तर ती तशीच वापरू नये.

२० ते २२ जानेवारी

आता खरी कापणी. १९ हेडलाइनपैकी ४ नुसत्या साफसफाईने बसल्या. उरलेल्या १५ पुन्हा लिहिल्या.

पहिल्या दिवशी कापण्याची पद्धत चुकीची होती. शब्द तेच ठेवून शेपट्या तोडल्या गेल्या: प्रत्यय गाळले, दोन शब्दांमधली जागा काढली, एका ठिकाणी ‘आंब्यांची’ मधले अनुस्वारच काढून ‘आब्याची’ केलं. हे सगळं परत फिरवलं. तीस कॅरेक्टरसाठी मराठी मोडायची नाही हे लिहूनच ठेवलं आणि मुद्रितशोधकाकडे शेवटची फेरी द्यायची ठरली (खर्च १,२०० रुपये, या कामात सगळ्यात वसूल झालेले).

मग शब्दांची किंमत काढली. जोडाक्षर महाग असतं, कारण प्रत्येक जोडणीला हलंताचा एक जास्त पडतो. ‘उत्कृष्ट’ ८, ‘प्रीमियम’ ८, ‘गुणवत्ता’ ८, ‘अस्सल’ ५. ‘होम डिलिव्हरी’ १३, ‘घरपोच’ ५. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ १६, ‘पोचल्यावर पैसे’ १४, आणि ‘रोख’ फक्त ३. ‘ऑर्डर करा’ ९, ‘नोंदवा’ ६, ‘मागवा’ ५. ‘रु.’ ३, तर ‘₹’ १. ‘पाच’ ३, अंकात १.

यादी पाहिली तर एक गोष्ट दिसते. जाहिरातीच्या सवयीचे इंग्रजी शब्द देवनागरीत सर्वांत महाग पडतात, आणि बाजारात, घरात रोज बोलले जाणारे शब्द स्वस्त. आंब्याच्या धंद्यात तर फारच. ‘नैसर्गिक पद्धतीने’ १७ कॅरेक्टर खातं आणि सांगत काहीच नाही, सगळेच तसं लिहितात. आंबा गवतात घालून पिकवतात त्याला ‘अढी’ म्हणतात. ‘गवताच्या अढीत पिकवलेला आंबा’ २७ मध्ये बसलं आणि कसा पिकवला तेही कळलं. फळं पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरायला देशात बंदी आहे, म्हणून ‘कार्बाइडमुक्त’ ही मोठी गोष्ट म्हणून सांगणं बागायतदारालाच नको होतं. अढी सांगितली की ती गोष्ट त्यात आलीच.

शेवटी टिकलेल्या काही ओळी, कंसात लेन: अस्सल देवगड हापूस (१७), मुंबई-पुण्यात घरपोच पेटी (२४), गवताच्या अढीत पिकवलेला आंबा (२७). दर आठवड्याला भाव बदलतो, म्हणून हेडलाइनमध्ये दर कुठेच ठेवला नाही.

डिस्क्रिप्शनमध्ये एक ओळ ९१ वर अडली: ‘देवगडच्या बागेतला हापूस गवताच्या अढीत पिकवून थेट तुमच्या दारात. पाच डझनाची पेटी आजच नोंदवा.’ शेवटचा पूर्णविराम काढला तर ९० होतात. पण दोन डिस्क्रिप्शन एकामागोमाग दिसतात, पूर्णविराम नसला तर दोन वाक्यं चिकटून वाचली जाण्याची भीती. त्यापेक्षा ‘थेट’ काढला. तो हेडलाइनमध्ये आहेच. ८७ झाले.

साइटलिंकमध्ये ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ २७, बाहेर. ‘ग्राहकांचे प्रश्न’ १७.

पाथमध्ये ‘रत्नागिरी-हापूस’ बरोबर १५ भरतं. बसतं म्हणून कोणीतरी घातलं होतं. काढून टाकलं. बाग देवगडला आहे, सिंधुदुर्गात. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांसाठी. हापूस म्हणणं योग्य, पण दुसऱ्या तालुक्याचं नाव लावणं ही ग्राहकाची फसवणूक आहे. ‘देवगड-हापूस’, ११.

२४ जानेवारी

कीवर्ड (ज्या शोधशब्दांवर जाहिरात दाखवायची ते) आपोआप हेडलाइनमध्ये भरण्याची सोय वापरून पाहिली. कंस आणि सूचनेचा शब्द मोजणीत धरत नाहीत, आत दिलेला पर्यायी मजकूर धरतात. आलेला कीवर्ड मर्यादेत बसला नाही की पर्यायी मजकूर दिसतो. हेडलाइनचा स्थिर भाग ‘ घरपोच पेटी’ हा पुढच्या जागेसकट ११, म्हणजे कीवर्डला १९ उरतात. ‘देवगड हापूस आंबा’ १६, बसतो. ‘रत्नागिरी हापूस आंबा’ २०, बसत नाही. पण तो बसला असता तर पाथमधून काढलेली खोटी माहिती हेडलाइनमधून परत आत आली असती. ही सोय बंद केली.

शहराचं नाव आपोआप भरण्यातही अडचण आहे, आणि ती लांबीची नाही. मराठीत नावाचं सामान्यरूप होतं. पुणे, पण पुण्यात. ठाणे, पण ठाण्यात. यंत्र ‘पुणे’ भरून पुढे ‘त’ जोडतं आणि ‘पुणेत’ होतं. पुण्यातला माणूस अशा जाहिरातीवर विश्वास ठेवणार नाही.

त्याऐवजी शहरांचा वेगळा तक्ता केला, प्रत्येक नाव सप्तमीत लिहून. साचा ‘हापूसची पेटी … घरपोच’ हा स्वतः १९ घेतो, शहराला ११. पुण्यात ७, ठाण्यात ७, नाशिकमध्ये १०, कोल्हापुरात ११, म्हणजे कोल्हापूरची हेडलाइन नेमकी ३०. छत्रपती संभाजीनगरात १९, तिथे साचाच बदलला: ‘छत्रपती संभाजीनगरात हापूस’, २५. साचा ठरवताना सर्वांत लांब नावापासून सुरुवात करायला हवी होती. पुणे-मुंबईपासून केली, म्हणून तक्ता दोनदा लिहावा लागला. दीड तास.

२७ जानेवारी

शीट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी फाइल) करून गूगल ॲड्स एडिटरमध्ये चढवायची. एका ॲड ग्रुपची फाइल एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत साठवली गेली. देवनागरी सगळी प्रश्नचिन्हं झाली.

वाईट गोष्ट अशी की लांबीची तपासणी पास झाली. प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह, म्हणून २७ ची ओळ २७ च राहिली. फाइल उघडून डोळ्यांनी पाहिली म्हणून सापडलं. आता शीटमध्ये आणखी एक अट घातली आहे: ओळीत एकही देवनागरी चिन्ह नसेल तर लाल. साठवताना एक्सेलमध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडायचा, किंवा सरळ गूगल शीट्समधून उतरवायची.

२९ जानेवारी

लांबीत बसलेल्या काही ओळी नियमांत अडल्या. हेडलाइनमध्ये उद्गारचिन्ह चालत नाही, दोन ठिकाणी होतं. एका डिस्क्रिप्शनमध्ये फोन नंबर होता. जाहिरातीच्या मजकुरात नंबर लिहिता येत नाही, त्यासाठी कॉलची वेगळी सोय आहे. नंबर काढल्यावर ११ कॅरेक्टर मोकळे झाले. आणि एका ग्रुपमध्ये दोन हेडलाइन शब्दशः सारख्या निघाल्या. आधी एकीत जोडक होता, म्हणून शीटला वेगळ्या वाटत होत्या. सारख्या ओळी शोधायच्या तर साफ केलेल्या स्तंभात शोधायच्या.

गूगल हेडलाइन कुठल्याही क्रमाने जुळवतं. म्हणून प्रत्येक ओळ एकटी मोठ्याने वाचली. ‘आणि तेही घरपोच’ अशी आधीच्या ओळीवर टेकलेली एक सापडली, ती काढली.

३१ जानेवारी

बागायतदाराने जुन्या गिऱ्हाइकांना तीच ८७ ची ओळ एसएमएसने पाठवायची म्हटलं. तिथला हिशोब वेगळा आहे. रोमन लिपीचा साधा संदेश १६० चा. एक जरी देवनागरी चिन्ह आलं की पूर्ण संदेश ७० चा, आणि तुकडे पडले तर प्रत्येक तुकडा ६७ चा. ८७ म्हणजे दोन संदेशांचे पैसे. इंग्रजी संदेशात नुसतं ‘₹’ घातलं तरी हेच होतं. ते चिन्ह एसएमएसच्या साध्या संचात नाही, म्हणून जाहिरातीत ‘₹’ स्वस्त आणि एसएमएसमध्ये महाग. तिथे ‘रु.’ सुद्धा नको, रोमन अक्षरांतच लिहावं. शीटमध्ये एसएमएससाठी ७० चा वेगळा स्तंभ घातला. मजकूर: ‘देवगड हापूसची पेटी गवताच्या अढीत पिकवून घरपोच. आजच नोंदवा.’ ७० च्या आत, एका संदेशात.

३ फेब्रुवारी

सगळं चढवलं. लांबीमुळे एकही ओळ परत आली नाही. एकूण वेळ अंदाजे २६ तास. त्यातले निम्मे न दिसणाऱ्या चिन्हांत गेले. शीट तयार असती तर ते वाचले असते.

राहिलेलं काम: मुद्रितशोधकाने फोनवरून दुरुस्त करून पाठवलेल्या ३ ओळींत पुन्हा ‘अॅ’ आला आहे. त्या ओळी बदलताना थेट खात्यात पेस्ट करायच्या नाहीत, शीटमधून काढूनच चढवायच्या. मार्चमध्ये पेट्यांचा आकार बदलेल तेव्हा ‘पाच डझनाची’ असलेल्या ४ ओळी पुन्हा मोजाव्या लागतील: ‘चार’ केलं तर तेवढेच, ‘सहा’ केलं तरी तेवढेच, ‘अडीच’ केलं तर एक वाढेल.